हाकेला ओ

ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती एका मोज्यामुळे.

मी तेव्हा नुकतीच या इमारतीत राहायला आले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी घातलेली अट मान्य करून तळमजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा घेतली होती. एका संध्याकाळी रस्त्याकडच्या खिडकीत रुमाल वाळत घालत होते, तेवढ्यात बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला, "दादा." ओरडून नाही, शेजारच्या खोलीत हाक मारावी तसा. वरून, दुसऱ्या मजल्यावरून, तितकाच शांत पुरुषी आवाज आला, "ओ." आणि लगेच माझ्या खिडकीसमोरून काहीतरी राखाडी सर्रकन खाली गेलं. मला वाटलं, कबुतर पडलं. वाकून पाहिलं तर तिशी ओलांडलेली एक बाई दोन्ही हातांत पुरुषी मोजा धरून उभी. तिने मोज्यात हात घालून किल्ली काढली, रस्त्यावरचं दार उघडलं, आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "घाबरू नका, धुतलेला आहे."

आमच्या इमारतीचं दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. घंटी कधीकाळी वाजत होती म्हणतात. आणि या बाईच्या हातात किल्ली टिकत नसे. ऑफिसात, बसच्या सीटवर, एकदा तर भाजीवाल्याच्या काट्यावर टोमॅटोंबरोबर ती किल्ली विसरून आली होती. कोपऱ्यावरचा किल्लीवाला तिला लांबून पाहिलं की हातातलं काम बाजूला ठेवायचा. शेवटी तिच्या मोठ्या भावाने किल्ली स्वतःकडे ठेवली. तो तिच्या आधी घरी पोचायचा. तिने खालून हाक मारायची, त्याने ओ द्यायची आणि किल्ली टाकायची. मोजा का, तर नुसती किल्ली डोक्यात लागते. हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

भाऊ तिला 'धाकटे' अशी हाक मारायचा, म्हणून सगळी इमारत तिला धाकटी म्हणे. ती त्याला दादा म्हणे म्हणून आम्ही सगळे दादा म्हणत असू, अगदी त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मीसुद्धा. आईवडील लवकर गेले तेव्हा ती शाळेत होती आणि तो नुकता नोकरीला लागला होता. त्या वेळी ते राहायचे त्या घरात मोरी लांब बोळाच्या टोकाला होती, आणि बोळात दिवा नव्हता. अंधारात जाताना ती दर चार पावलांवर "दादा" म्हणायची आणि तो अंथरुणातून "ओ" म्हणायचा. "काय पाहिजे?" असं त्याने कधी विचारलं नाही, असं ती सांगायची. नुसतं ओ. मी आहे, एवढंच.

मी जन्मभर भाषा शिकवली, पण या एका अक्षराचा विचार कधी केला नव्हता. हजेरी घेताना कोणी 'ओ' म्हणालं तर मी 'हजर म्हण' असं सांगायची. हजर म्हणजे शरीर बाकावर आहे. ओ म्हणजे तुझी हाक माझ्यापर्यंत पोचली. हा फरक मला धाकटीने शिकवला, आणि तोही कॉम्प्युटरच्या निमित्ताने.

तिचं काम काय, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. ती एका छोट्या कंपनीत होती आणि जिला शेल म्हणतात त्या वस्तूवर काम करायची. मी आपली शिंपला समजले. मग एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता तिने सांगितलं. युनिक्स नावाच्या जातीच्या यंत्रांवर एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक लुकलुकणारी रेघ. तिथे आज्ञा टाइप करायची, की यंत्र ती पाळतं. आज्ञा घेणारी ती खिडकी म्हणजे शेल. पण नावं लांबलचक असतात, कोण सगळं टाइप करत बसणार? म्हणून अर्धा शब्द लिहायचा आणि टॅब नावाची कळ दाबायची. उरलेला शब्द यंत्र भरतं.

"म्हणजे गाळलेल्या जागा भरा," मी म्हणाले.

"अगदी तेच," ती हसून म्हणाली. "फक्त बाई, तुमच्याकडे उत्तर चुकलं तर मार्क जायचे. इथे फाइल जाते."

गंमत अशी, की उरलेला शब्द काय असेल हे शेलला स्वतःला सगळं ठाऊक नसतं. ज्याने जी आज्ञा बनवली त्यालाच माहीत, तिच्यापुढे काय शोभतं. म्हणून शेलच्या भिंतीला खुंट्या ठोकून ठेवायच्या. ज्याला जे माहीत असेल त्याने आपला छोटासा प्रोग्राम त्या खुंटीला अडकवून जायचं. टॅब दाबली की शेल त्याला हाक मारतं, हा अर्धा शब्द बघ, तुझ्याकडे काय आहे? आणि तो उत्तर देतो. तिचे सहकारी याला काहीतरी इंग्रजी म्हणायचे. ती म्हणायची, ओ. "आज दोन नव्या ओ लिहिल्या," असं जिन्यात आज कुठली भाजी केली ते सांगितल्यासारखं सांगायची.

खुंट्या कुठे ठोकायच्या आणि ओ कशी द्यायची, हे ठरवण्यात तिचे दिवस जात. त्याबाबतीत ती माझ्याहून कडक होती. विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर गप्प बसायचं, अंदाज ठोकायचा नाही. आणि कशालाही हात लावायचा नाही, कारण माणसाने अजून फक्त विचारलंय, सांगितलेलं नाही. विचारणाऱ्याला मध्येच मन बदलायचा हक्क असतो, असं ती म्हणायची. मला ते फार आवडलं होतं.

दादाचं काम त्याच काळ्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होतं. तो एका मोठ्या ग्रंथालयात यंत्रं सांभाळायचा. जुन्या वर्तमानपत्रांची पानं तिथे एकेक करून यंत्रात उतरवली जात, आणि तो सगळा साठा त्याच्या हाताखाली असे. बहीण बनवायची, भाऊ वापरायचा. रात्री जेवताना तो तिच्या खुंट्यांच्या चुका काढायचा आणि ती त्याच्या वरणात मीठ जास्त झाल्याचं सांगायची.

मोजा हुकायला लागला ते मी आधी पाहिलं. माझी खिडकी त्याच्या वाटेवरच होती. आधी तो तिच्या ओंजळीत पडायचा. मग हातभर बाजूला पडायला लागला, मग एकदा माझ्या कुंडीत. धाकटी हसायची आणि कुंडीतली माती झटकायची. काही दिवसांनी ती दोनदा हाक मारू लागली. पहिली हाक नेहमीची. दुसरी, तिकडून ओ आल्यावर, त्याला नेम धरता यावा म्हणून.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नजर कडांकडून आत मिटत येईल आणि ते थांबवता येणार नाही. दादाने ग्रंथालयात लपवलं नाही. तिथले साहेब भले होते. काम होतंय तोवर खुर्ची तुमची, असं ते म्हणाले. निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं होती. दादाला नुसते ग्रंथालयाचे फोन घेत बसायचं नव्हतं, सहानुभूतीची नोकरी नको होती. जे हातांना येत होतं तेच शेवटपर्यंत करायचं होतं. धाकटीने ते मनावर घेतलं. दादाची खुर्ची जाऊ द्यायची नाही, हे तिचं तेव्हापासूनचं एकच काम झालं. बाकी सगळं ती अधेमधे उरकायची.

अक्षरं दिसेनाशी झाली तरी टाइप करणं अडत नव्हतं. बोटांना वाट पाठ होती. अडायचं ते टॅबपाशी. एकाच अक्षराने सुरू होणारी बरीच नावं असली की शेल ती सगळी पडद्यावर मांडून ठेवतं, यातलं कुठलं ते तूच निवड म्हणून. दादाला ती दिसायची नाहीत. म्हणून धाकटीने एक नवी खुंटी ठोकली, मांडणीच्या आधीची. नावं पडद्यावर मांडण्यापूर्वी शेलने हाक मारायची, आणि ज्याला ती वेगळ्या रीतीने सांगायची असतील त्याने ओ द्यायची. त्या खुंटीला तिने एक आवाज अडकवला. तो दादाच्या एका कानात नावं वाचून दाखवायचा.

पहिले काही दिवस दादा वैतागला. एकेक नाव ऐकेपर्यंत चहा गार होतो म्हणाला, आणि ही आवाजातली बाई सर्दी झाल्यासारखी बोलते. धाकटीने सगळं पुसून पुन्हा लिहिलं. आता आवाज नावं वाचत नसे. किती आहेत आणि ती कुठल्या अक्षरापाशी फुटतात, तेवढंच सांगे. "तीन. क, प की स?" दादा ते अक्षर दाबून पुढे जाई. हे साधलं त्या दिवशी तिने इमारतीतल्या सगळ्यांना पेढे द्यावेत तसं एकेकाला गाठून सांगितलं. कोणाला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून सगळे बरं झालं म्हणाले. दादा डोळे असलेल्यांपेक्षा भरभर काम करू लागला. ग्रंथालयातले लोक बघायला यायचे. मोजा पुन्हा तिच्या आसपास पडू लागला. दुसऱ्या हाकेवर नेम धरायची त्याला सवय झाली होती.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एका संध्याकाळी तिची हाक ऐकू आली आणि वरून ओ आली नाही. तिने पुन्हा हाक मारली. थोड्या वेळाने मोजा पडला, सरळ खाली, भिंतीलगत, गटाराच्या जाळीवर. मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. किल्ली जाळीवर आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी आतून दार उघडलं. ती रिकामा मोजा हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "बाई, वर येता का? दादा ओ देत नाहीये."

गुडघ्यांची अट मोडून मी जिने चढले. दादा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता, पायात बूट तसेच. त्याने सांगितलं ते सगळं मला तेव्हा कळलं नाही. नंतर धाकटीने समजावलं तेव्हा कळलं.

ग्रंथालयात दोन साठे होते, एकाच नावाने सुरू होणारे. एकाच्या शेवटी 'मूळ', दुसऱ्याच्या शेवटी 'तात्पुरतं'. तात्पुरता साठा दर थोड्या दिवसांनी दादा पुसायचा. नावाचा पहिला भाग लिहून टॅब दाबायचा, आवाज म्हणायचा, "दोन. म की त?" तो त दाबायचा. त्या दिवशी टॅब दाबली आणि आवाज काहीच बोलला नाही. म्हणजे दोनांतलं एकच उरलं होतं. मूळ साठा त्या आठवड्यात नव्या यंत्रावर हलवायचं आधीच ठरलं होतं. दादाला वाटलं, हलवला असेल. उरलं ते तात्पुरतं. खरं उलटं झालं होतं. मूळ जागेवरच होतं. तात्पुरतं सकाळी एका सहकाऱ्याने, दादाचा तेवढाच भार हलका करावा म्हणून, पुसून टाकलं होतं. एकच नाव उरलं की शेल ते मुकाट्याने भरून टाकतं. ती त्याची फार जुनी रीत. यादी नाही, म्हणून मांडणी नाही, म्हणून मांडणीच्या आधीची हाक नाही. दादाने आज्ञा दिली. मूळ गेलं.

साठ्याची बाजूला ठेवलेली एक प्रत होती, पण ती जुनी. बरंच परत आलं. काही वर्षांची पानं आली नाहीत, आणि त्यांचे कागद तोवर भुगा होऊन रद्दीत गेले होते.

धाकटी उभीच होती. दादाने तिच्या दिशेला तोंड वळवलं आणि अजिबात न रागावता म्हणाला, "तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, बरोबर आहे."

"एकच उरलं होतं, दादा," ती म्हणाली. "एकच उरलं की बोलायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. निवडायला काही नाही, मग उगाच कशाला त्रास, म्हणून."

"बरोबरच ठरवलंस," तो म्हणाला. "मीही तेच ठरवलं असतं."

मी गॅसवर चहाचं पाणी ठेवलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात जाऊन सगळं सांगायला निघाली होती. चूक खुंटीची आहे, दादाची नाही, असं तिला सांगायचं होतं. दादाने तिला दारात अडवलं. तिथे तो आधीच सांगून आला होता, की हात माझे होते. साहेबांनी त्याला काढलं नाही. फोन घेण्याचं काम देऊ केलं, खुर्ची तीच ठेवू म्हणाले. ती सहानुभूती होती आणि दादाला ती ओळखू आली. त्याने राजीनामा दिला.

घरी बसलेला माणूस घरातच असतो, पण धाकटी सांगायची की तो असल्यासारखा वाटत नाही. हाक मारली की तो उठून येई. भिंतीला हात लावत, टेबलाची कड चाचपत दारापर्यंत येई आणि तिथे उभा राहून "काय?" म्हणे. ओ म्हणत नसे. ती म्हणायची, बाई, मला काही नको असतं हो. तो एवढा चालत येतो, मग मला काहीतरी मागावं लागतं. शेवटी तिने हाक मारायचंच सोडलं. संध्याकाळी दारापाशी आली की माझ्या खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक करायची आणि मी आतून दार उघडायची.

ऑफिसात मात्र ती भांडत होती. तिचं म्हणणं होतं, की एकच उरलं तरी शेलने हाक मारली पाहिजे. ते नाव आधी सांगायचं, आणि माणसाने पुन्हा टॅब दाबली तरच भरायचं. सहकाऱ्यांचं म्हणणं, की लाखो डोळस लोक रोज शंभरदा ती कळ दाबतात. प्रत्येकाने प्रत्येक वेळी एकदा जास्त का दाबावी? जुनी रीत मोडली तर सगळ्यांची बोटं अडखळतील. हे पुष्कळ दिवस चाललं. त्यांचं चूक नव्हतं, असं तिनेच मला सांगितलं. ती हरली. तिची रीत ठेवली, पण बंद करून ठेवली. ज्याला हवी असेल त्याने स्वतः चालू करून घ्यावी.

लांबलांबच्या लोकांनी ती चालू केली. एका परक्या देशातल्या बाईने फोन करून सांगितलं, की तिची नजर गेली पण नोकरी टिकली ती या खुंटीमुळे. धाकटीने हे मला मटार सोलताना सांगितलं आणि शेंगांवरून नजर वर केली नाही. मी विचारलं, दादाला सांगितलंस का? म्हणाली, सांगितलं. तो छान झालं म्हणाला. मग तिने सालांचा ढीग उगाचच एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला.

वर्षभराने दादा गेला. म्हणजे दूरच्या एका गावी, नव्याने आंधळं झालेल्यांना काठी घेऊन चालायला आणि एकट्याने राहायला शिकवतात तिथे. काही महिन्यांसाठी म्हणून गेला होता. शिकून झालं, तेव्हा तिथल्याच लोकांनी त्याला राहा म्हणून सांगितलं. आता नवीन आलेल्यांना तो खोलीतून जेवणघरापर्यंत आणि जेवणघरातून बागेपर्यंत कसं जायचं ते शिकवतो. कीबोर्डला हात लावत नाही. त्याचा निरोप आला त्या दिवशी धाकटी खाली येऊन माझ्याकडे बसली. रडली नाही. म्हणाली, "तिथे त्याला बरं वाटतंय, बाई. तिथे कोणी त्याला मदत करत नाही."

मी म्हणाले, "अगं, तू त्याला मदत केलीस म्हणून तो गेला, असं नाही."

ती म्हणाली, "मला माहीत आहे. पण त्याला माझ्याकडे बघून ते आठवतं. बघून म्हणजे... तुम्हाला कळलं."

मला कळलं होतं. त्याने तिला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच तिला तो दोष फेडून टाकता आला नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

ते रविवारी फोनवर बोलतात. एकदा मी तिच्या घरी असताना फोन झाला. तिने नंबर लावला, पलीकडून उचलल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "दादा." पलीकडून "हॅलो" आलं. फोनवर सगळे हॅलोच म्हणतात. त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, तिने तिथल्या जेवणाची चौकशी केली, त्याने माझ्या गुडघ्यांची. मग फोन ठेवून ती भांडी घासायला गेली.

आमच्या इमारतीच्या दाराची घंटी अजून वाजत नाही. मालक दर वर्षी करून देतो म्हणतात. मध्यंतरी किल्लीवाल्याने दुकान मुलाकडे दिलं. मुलगा धाकटीला ओळखत नाही.

ती अजून दुसऱ्या मजल्यावरच राहते, एकटी. संध्याकाळी येते, माझ्या खिडकीपाशी थांबत नाही, पिशवीतून किल्ली काढते आणि दार उघडते. ती किल्ली तिने अजून एकदाही हरवलेली नाही.